मागच्या दारावरची स्टेपनी पुन्हा पुन्हा का खडखडते?

नट आवळले की आवाज बंद होतो. पंधरा दिवसांनी, कच्च्या रस्त्यावर दोन-तीन फेऱ्या झाल्या की परत सुरू. पुन्हा पाना काढायचा, पुन्हा आवळायचं. ज्यांच्या गाडीला मागच्या दारावर स्टेपनी आहे त्यांना हे चक्र ओळखीचं असेल. माझं ते जवळजवळ वर्षभर चाललं. शेवटी दाराच्या पत्र्याला चीर गेली, तेव्हा कुठे मी नट सोडून बाकीच्या गोष्टींकडे बघायला लागलो. जे सापडलं ते इथे सविस्तर लिहितोय. गाडीचं नाव मुद्दाम घेत नाही. मागे उभी बिजागरी आणि त्या दारावर चाक, अशी रचना असलेल्या बहुतेक गाड्यांना हे लागू पडेल.

आधी माझ्या गाडीत काय बदललं होतं ते सांगतो, कारण रोगाचं मूळ तिथेच होतं. मूळचे टायर 215/75 आर 15 होते. ते काढून 235/75 आर 15 घातले, दणकट खाचांचे, आणि सोबत नवीन लोखंडी रिम. दिसायला गाडी झकास झाली. पाचवं चाकही तेच घेतलं, जे योग्यच. टायरची उंची 704 मिलिमीटरवरून 734 झाली, म्हणजे फक्त 3 सेंटीमीटर वाढ. एवढ्याशा फरकानं काय होणार, असं मला वाटलं. घरातल्या वजनकाट्यावर दोन्ही चाकं ठेवून पाहिली ती फार नंतर: जुनं 22 किलो, नवं 29.

आधी चाक काढून फिरून या

सगळ्यात स्वस्त तपासणी हीच, आणि नेमकी तीच कोणी करत नाही. स्टेपनी काढून घरी ठेवा आणि ज्या रस्त्यावर आवाज येतो त्याच रस्त्यावर त्याच वेगानं गाडी चालवा. (लांब जाऊ नका, पंक्चर झालं तर पंचाईत होईल.) आवाज तरीही आला तर स्टेपनी बिचारी निर्दोष आहे. जॅक, पान्यांची पिशवी, मागच्या सीटचा खटका, सायलेन्सरचं लोंबणारं रबर यांच्याकडे बघा. माझ्या ओळखीतल्या एकानं दाराची बिजागरी बदलून घेतली आणि आवाज निघाला जॅकच्या हँडलचा.

आवाज बंद झाला तर खेळ चार ठिकाणी असू शकतो: चाक आणि ब्रॅकेट (चाक ज्यावर बसतं ती दारावरची चौकट) यांच्यामध्ये, ब्रॅकेट आणि दार यांच्यामध्ये, बिजागरीत, किंवा लॅचपाशी (दाराच्या खटक्यापाशी). खेळ म्हणजे ढिलेपणा, मेकॅनिक ज्याला ‘प्ले’ म्हणतात तो. या चारांपैकी कुठला, हे कानानं कळत नाही, कारण दाराचा पोकळ पत्रा ढोलासारखा घुमतो आणि आवाज भलतीकडूनच येतोय असं वाटतं. हातानं कळतं. दार बंद ठेवून चाक वरच्या टोकाला दोन्ही हातांनी धरा आणि पुढेमागे हलवा. दुसऱ्या कोणाला तरी या चार जागांवर आळीपाळीनं बोट ठेवायला सांगा, अर्धं बोट एका भागावर आणि अर्धं शेजारच्या भागावर. जिथे दोन भाग वेगवेगळे हलताहेत तिथे बोटाला लगेच जाणवतं.

दुसरी युक्ती रंगाची. नट व्यवस्थित आवळून झाला की नटापासून रिमपर्यंत रंगाच्या पेनानं एक सरळ रेघ ओढायची. ब्रॅकेटच्या बोल्टांनाही तशीच. शंभर किलोमीटरनंतर बघायचं. रेघ तुटली असेल तर नट खरंच फिरतोय. रेघ शाबूत आहे आणि तरी आवाज येतोय, तर नट आवळून काही उपयोग नाही. माझ्या गाडीत पाचपैकी दोन रेघा तुटल्या होत्या. ब्रॅकेटच्या बोल्टांवरची एकही तुटली नव्हती. म्हणजे खेळ चाक आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये, एवढं पक्कं झालं.

नट का सुटतो

मी मधल्या काळात स्प्रिंग वॉशर घातले होते. गॅरेजमध्ये सांगितलं, ‘हे टाका, परत सुटणार नाही.’ सुटलेच. पुढे वाचलं तेव्हा उलगडा झाला. 1969 मध्ये गेऱ्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं प्रयोग करून दाखवलं होतं की नट सुटतो तो मुख्यतः आडव्या सरकण्यानं. आवळलेले दोन भाग एकमेकांवर अगदी थोडे जरी आडवे घसरायला लागले, तरी दर हेलकाव्याला नट केसभर उलटा फिरतो. स्प्रिंग वॉशर या घसरण्याला अडवू शकत नाही. तेव्हा प्रश्न ‘नट कसा धरून ठेवू’ असा विचारायचाच नाही. चाक ब्रॅकेटवर घसरतंय का, आणि का, हे शोधायचं.

घसरण्याची कारणं माझ्या अनुभवात तीन.

पहिलं, नटाची बैठक. लोखंडी रिमचं भोक सहसा निमुळतं असतं आणि त्याला 60 अंशांचा निमुळता नट लागतो. काही अलॉय रिमना सपाट वॉशरचा नट लागतो. गाडीबरोबर आलेले स्टेपनीचे नट मूळ रिमसाठी असतात. रिम बदलली की नट बदलायचे हे कोणाच्या लक्षात येत नाही. निमुळत्या भोकात सपाट नट बसवला तर तो फक्त कडेवर टेकतो. पान्याला घट्ट लागतो, पण चाक मध्यावर धरलं जात नाही. चोरी होऊ नये म्हणून एक कुलपाचा नट लावतात, त्याचीही बैठक बाकीच्यांसारखीच हवी. बऱ्याचदा तोच एक वेगळा निघतो. नट काढून भोकाकडे बघा: गोल, सलग चकाकी दिसली तर ठीक. एकाच बाजूला चंद्रकोरीसारखी चकाकी असेल तर नट चुकीचा आहे किंवा चाक वाकडं बसलंय.

दुसरं, रंग. पावडर कोटिंग केलेली नवी रिम असेल तर नटाखालचा आणि ब्रॅकेटला टेकणारा रंगाचा जाड थर दाबाखाली हळूहळू चेपतो. थर जेवढा चेपतो तेवढा ताण कमी होतो. उपाय साधा: टेकणाऱ्या जागा तेवढ्या घासून साफ करा आणि बसवल्यावर 50 ते 100 किलोमीटरनंतर एकदा पुन्हा टॉर्क (नट किती जोरानं आवळलाय ते माप) तपासा. एकदाच. दर पंधरवड्याला तपासावा लागत असेल तर मूळ दुखणं वेगळंच आहे.

तिसरं, आटे. एम 12 जाडीचे स्टड (नट ज्यावर चढतो ते आट्यांचे दांडे) 1.25 आणि 1.5 मिलिमीटर अंतराच्या अशा दोन्ही आट्यांचे मिळतात. वरून बघून फरक ओळखू येत नाही. चुकीचा नट दोनेक वळसे हातानं चढतो आणि मग अडतो, आणि आपण समजतो गंज आहे. तिथे लांब पाना लावून जोर केला की स्टड गेला. आणखी एक गोष्ट मोजा. नट स्टडवर किमान स्टडच्या जाडीइतका चढला पाहिजे, म्हणजे एम 12 साठी 12 मिलिमीटर. 1.5 आट्याला हे पूर्ण 8 वळसे होतात, 1.25 ला जवळपास 10. नट चढवताना मोजा. चार-पाच वळशांतच घट्ट झाला तर चाक सुटण्याच्या बेतात आहे असं समजा, मग पान्याला कितीही जड लागो.

टॉर्कबद्दल एक सावधगिरी. रस्त्यावर फिरणाऱ्या चाकाचा आकडा स्टेपनीला लावू नका. तिथे स्टड जाड हबमध्ये असतात, इथे ते बहुतेक वेळा दाबून घडवलेल्या पातळ ब्रॅकेटमध्ये बसवलेले असतात. बऱ्याच गाड्यांत स्टेपनीला तीनच नट असतात. जीप रँग्लरच्या जेके पिढीत रस्त्यावरच्या चाकाला 5 आणि स्टेपनीला 3. गाडीच्या पुस्तिकेत स्टेपनीसाठी वेगळा आकडा असेल तर तोच वापरा. पाना पायानं दाबून आवळणाऱ्यांनी ब्रॅकेटचा पत्रा एकदा बाजूनं बघावा. स्टडभोवती तो बशीसारखा फुगलेला दिसेल.

खरा घोळ: रबर आणि टायरमधली फट

इथे मला सर्वात जास्त वेळ लागला. बहुतेक ब्रॅकेटवर किंवा दारावर टायरच्या मागे रबरी गुटके असतात. कोणी त्यांना बफर म्हणतं, कोणी स्टॉपर. चाक मध्ये नटांनी ओढलं जातं आणि कडेला टायर या गुटक्यांवर दाबून बसतो. मध्ये ओढ आणि कडेला दाब, अशी ती पकड असते. गुटक्यांवर दाब नसेल तर सगळं चाक मधल्या हाताएवढ्या जागेवर तोललेलं राहतं, आणि प्रत्येक खड्ड्याला छत्रीसारखं डोलतं. ते डोलणं म्हणजेच वरचं आडवं घसरणं. नट सुटणारच.

आता माझ्या रिमचं गणित बघा. मूळ रिमचा ऑफसेट अधिक 15 मिलिमीटर होता, नव्याचा उणे 15. ऑफसेट म्हणजे रिम जिथे टेकते ती जागा चाकाच्या मध्यरेषेपासून किती अंतरावर आहे ते. स्टेपनीची टेकण्याची जागा ब्रॅकेटवर पक्की असते. त्यामुळे ऑफसेट 30 मिलिमीटरनं कमी झाला की चाकाची मध्यरेषा दारापासून 30 मिलिमीटर बाहेर सरकते. नवा टायर जुन्यापेक्षा 20 मिलिमीटर जास्त रुंद (215 ऐवजी 235), म्हणजे दाराच्या बाजूला 10 मिलिमीटर भरून आला. तरी दाराकडची टायरची कड मूळ जागेपेक्षा 20 मिलिमीटर बाहेरच राहिली. आणि गुटके होते मूळ टायरच्या मापाचे! त्यांच्यात आणि टायरमध्ये अंगठा जाईल एवढी फट होती. वर्षभर मी त्या चाकाचे नट आवळत होतो आणि ती फट डोळ्यांसमोर होती. बाहेरच्या बाजूला तर चाक 40 मिलिमीटर जास्त बाहेर आलं होतं.

तपासायला सोपं आहे. जुन्या वर्तमानपत्राची पट्टी गुटका आणि टायर यांच्यामध्ये ठेवून चाक बसवा आणि नट आवळा. पट्टी ओढली की सहज निघाली तर दाब नाही. फाटली तर दाब आहे. प्रत्येक गुटक्याला स्वतंत्र पट्टी लावा, कारण एक दाबतोय आणि दुसरा मोकळा, असं फार वेळा होतं. पट्टी लावायला जागा नसेल तर गुटक्याला खडू फासा, चाक बसवून काढा आणि टायरवर ठसा उठलाय का बघा.

फट असेल तर उंच गुटके लावा किंवा आहेत त्यांच्याखाली ठोकळा द्या. दाबानं रबर साधारण 5 मिलिमीटर चेपलं जावं, असं मी धरतो. त्याहून जास्त नको, नाही तर नट आवळताना दाराचा पत्राच बाहेर ओढला जातो. जुन्या ट्यूबचे तुकडे कोंबणं हा लोकप्रिय उपाय. मीही केला. महिनाभर शांतता मिळते, मग रबर चेपून पातळ होतं आणि एक दिवस तुकडा वाटेत कुठेतरी पडून जातो.

उलट प्रकारही होतो. रिमचा ऑफसेट जास्त, टायर रुंद, आणि टायरच दाराला किंवा गुटक्याला आधी टेकतो. मग रिम ब्रॅकेटला टेकतच नाही. नट घट्ट लागतो खरा, पण तो टायरच्या स्प्रिंगवर. चार किलोमीटर गेलं की टायर जरा बसतो आणि नट हाताला सैल लागतो. ओळखायची खूण अशी की आवळताना नट एकदम अडत नाही, लोण्यात शिरल्यासारखा हळूहळू जड होत जातो. इथे रिम आणि ब्रॅकेटच्या मध्ये स्पेसर (अंतर भरून काढणारी चकती) आणि बरोबर लांब स्टड लागतात. फक्त स्पेसर घालून जुनेच स्टड ठेवले तर वर सांगितलेले वळसे कमी पडतात. आणि भोकांचं वर्तुळ जुळतं का तेही बघा. 5 बाय 139.7 आणि 5 बाय 127 (भोकांची संख्या बाय वर्तुळाचा व्यास, मिलिमीटरमध्ये) ही दोन वर्तुळं नजरेला सारखी वाटतात, पण फरक पावणेतेरा मिलिमीटरचा आहे. भोकं कानस लावून मोठी करू नका.

आणि मग हवा

गुटके बदलले, नट बदलले, रेघा ओढल्या. सहा महिने गाडी गप्प. मग एका सकाळी परत तोच आवाज.

खरं सांगतो, त्या दिवशी गाडी विकावीशी वाटली. रेघा सगळ्या शाबूत होत्या. कागदाची पट्टी लावली तर वरच्या दोन्ही गुटक्यांतून अलगद बाहेर आली. गुटके झिजले म्हणावं तर नवेच. शेवटी हवा तपासली: 18 पीएसआय. मी भरली होती 35. स्टेपनीत कोणी हवा बघत नाही, आणि टायर हळूहळू मऊ होत गेला की गुटक्यांवरचा दाबही हळूहळू जातो. हवा भरली, पट्टी फाटली, आवाज बंद. वॉल्व्हचा पिन किंचित गळत होता, तो बदलला.

तेव्हापासून स्टेपनीची हवा महिन्यातून एकदा. चाक बसवताना वॉल्व्ह अशा जागी ठेवायचा की चाक न काढता मापक लागेल. नाही तर कंटाळा जिंकतो. अंगावर चढवलेलं कव्हर असेल तर ते काढूनच हवा बघावी लागते, म्हणून कव्हरवाल्यांची हवा हमखास कमी असते. कव्हरात चिखलपाणीही साचतं. रिमच्या आतल्या खोबणीत वाळलेला चिखल किती जड होतो, हे एकदा स्वतः खरवडून बघा.

बिजागरी आणि लॅच

आता दुसरी शक्यता, म्हणजे चाक ब्रॅकेटला घट्ट आहे पण दारच खिळखिळं झालंय. दार अर्धं उघडा, लॅचकडची कड खालून धरा आणि उचला. बिजागरीची पिन आणि तिचं भोक यांच्याकडे बघत राहा. हललेलं दिसलं तर पिन किंवा बुश (पिनेभोवतीची नळी) गेलंय. वरच्या बिजागरीत आधी जातं, त्याचं कारण साधं. माझ्या दाराची बिजागरीपासून चाकाच्या मध्यापर्यंत लांबी 65 सेंटीमीटर आहे आणि दोन बिजागऱ्यांमधलं अंतर 40. 22 किलोचं चाक असताना उघड्या दाराची वरची बिजागरी फक्त चाकापोटी सुमारे 36 किलोची ओढ सोसत होती. 29 किलोला ती 47 होते. दाराचं स्वतःचं वजन वेगळं. 7 किलो वाढवले आणि बिजागरीवर 11 पडले, असा हा व्यवहार आहे.

दार बंद असताना लॅच मदतीला येतो, पण कितपत? अनेक लॅच दार मागे येऊ देत नाहीत एवढंच. वजन पेलणं त्यांचं काम नव्हे. काही गाड्यांत लॅचशेजारी पाचरीसारखा गुटका असतो. बंद होताना दार त्यावर चढून बसतं आणि वजन तिथे उतरतं. ही पाचर झिजली किंवा कोणीतरी काढून टाकली की दार लॅचमध्ये वरखाली नाचतं. स्ट्रायकरच्या (लॅच ज्यात अडकतो त्या बॉडीवरच्या भागाच्या) पिनेवर एकाच जागी खोल चकाकती खाच दिसली की समजायचं. बंद करताना दार थोडं उचलून ढकलावं लागत असेल तर ते खाली उतरलंय. अशा वेळी बरेच जण स्ट्रायकर खाली सरकवून घेतात. दार छान बंद होतं, आणि उतरलेली बिजागरी तशीच राहते. आधी बिजागरी सरळ करा, गरज असेल तर बुश बदला, मग पाचर आणि स्ट्रायकर जुळवा. हाच क्रम, उलटा नाही.

दार आणि बॉडीमधल्या रबरी बफरांवरही कागदाची पट्टी लावून बघा. बऱ्याचदा ते फिरवून वरखाली करता येतात. दोन वळसे बाहेर काढले आणि आवाज संपला, असं नशीबही कोणाकोणाचं असतं.

चीर दिसली तर

माझी चीर ब्रॅकेटच्या वरच्या उजव्या बोल्टाच्या भोकातून निघाली होती, साधारण दोन इंच. आधी रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा आल्या होत्या, मी त्यांना उन्हाचा परिणाम समजलो. शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत: ब्रॅकेटची भोकं, बिजागरी जिथे दाराला जोडली जाते तो भाग, दाराचे खालचे कोपरे, आणि स्पॉट वेल्डच्या ओळी. आतलं अस्तर काढून आतूनही बघा. खालच्या कडेची पाणी निघायची भोकं मातीनं बुजलेली असतील तर ती मोकळी करा, आत गंज धरलेला असेल.

चीर नुसती वेल्डिंगनं भरून रंग मारला तर ती वेल्डच्या शेजारून पुन्हा निघते. माझ्या गाडीचं पहिल्यांदा तेच झालं. दुसऱ्यांदा जे केलं ते टिकलंय. चिरेच्या टोकाला, ती जिथे संपते तिथे, 3 मिलिमीटरचं भोक पाडलं, म्हणजे ती पुढे धावत नाही. मग चीर वेल्ड केली. मग दाराच्या आतल्या बाजूनं 3 मिलिमीटर जाड पट्टी घातली, एवढी मोठी की ब्रॅकेटचे सगळे बोल्ट तिच्यातून जावेत आणि कडा दाराच्या घडीच्या मजबूत भागापर्यंत पोचाव्यात. पूर्वी चार भोकांवर येणारा भार आता सगळ्या पट्टीवर पसरतो. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची ऋण तार काढायला लावा, दारातली काच आणि वायरी झाका, आणि नंतर आतल्या बाजूला गंजरोधक रंग विसरू नका. बाहेरून गुळगुळीत आणि आतून उघडा पत्रा, असं काम करणारे बरेच भेटतात.

बिजागरीच्या मुळाशी, बॉडीच्या खांबाला चीर असेल तर मात्र पट्टी ठोकून गाडी पुढे चालवू नका. चाक काढून गाडीत आत ठेवा, पट्ट्यानं बांधा आणि चांगल्या बॉडीवाल्याकडे जा.

दारावरून बंपरवर

33 इंची टायर लोखंडी रिमसह 35 ते 45 किलोंच्या घरात जातो. एवढं ओझं दारावर टांगू नये, असं माझं मत आहे, मग दार कितीही मजबूत केलेलं असो. त्यासाठी मागच्या बंपरला जोडलेला, बाजूला उघडणारा हात लावतात. वजन थेट चासीवर जातं. पण त्याचीही खडखड होते आणि तिची कारणं निराळी.

बघायचा पहिला भाग म्हणजे फिरता खुंटा. तो बंपरच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही पत्र्यांना वेल्ड केलेला हवा. फक्त वरच्याला चिकटवलेला खुंटा काही महिन्यांत कलतो. खुंट्यात निमुळत्या रोलर बेअरिंग असतील तर त्यांचा ताण जुळवता येतो. नुसतं बुश असेल तर ग्रीस वेळेवर लागतं. दुसरा भाग, मोकळं टोक. बंद झाल्यावर हात उतारासारख्या टेकूवर चढून बसला पाहिजे आणि वजन त्या टेकूवर आलं पाहिजे. क्लॅम्पचं काम तो तिथे दाबून धरणं, एवढंच. क्लॅम्प बंद करताना एका हातानं चाक उचलावं लागत असेल तर टेकू खाली आहे, खाली पातळ पत्रा घालून तो उंच करा. क्लॅम्प आवळत राहिलात तर त्याचा आकडा वाकेल.

हात उघडल्यावर अडकवून ठेवणारी पिन हवीच. तिरक्या जागी गाडी उभी असताना 40 किलोचं चाक स्वतःहून फिरून पाठीवर येतं तेव्हा ते आवाज करत नाही.

आणखी काही किरकोळ पण त्रासदायक. स्टेपनीवर डिझेलचा कॅन किंवा फार्म जॅक टांगू नका. 20 लिटर डिझेल म्हणजे साधारण 17 किलो, जॅक 13 च्या आसपास, आणि हे सगळं चाकाच्याही बाहेर, म्हणजे ओढ आणखी जास्त. मोठं चाक लावल्यावर वरचा ब्रेक लाइट, नंबरप्लेट आणि रिव्हर्स कॅमेरा झाकले जात नाहीत ना, हे रात्री दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून मागून बघा. टायरची खालची कड सायलेन्सरच्या तोंडासमोर येत असेल तर तोंड वळवून घ्या.

तारीखही बघून ठेवा. टायरच्या कडेवर DOT (डॉट) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. खाचा नव्यासारख्या दिसतात म्हणून स्टेपनी नवी नसते, दारावर ऊन खात तीही म्हातारी होते. पाचही चाकं सारखी असतील तर अदलाबदलीच्या फेऱ्यात तिलाही घ्या. त्या निमित्तानं ती वेळच्या वेळी उतरते आणि मागचे गुटके नजरेखालून जातात.

जाता जाता, ‘स्टेपनी’ हा आपल्या तोंडी रुळलेला शब्द वेल्समधल्या लानेथ्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथल्या डेव्हिस बंधूंनी 1904 मध्ये पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून चिमट्यांनी अडकवायची, आरे नसलेली जादा रिम काढली होती. तीही नीट आवळली नाही तर खडखडत असेलच.

माझ्या गाडीत सध्या असं आहे: 29 किलोचंच चाक, दारावरच, उंच गुटके, निमुळते नट, आत पट्टी. दीड वर्ष झालं. वरच्या बिजागरीचं बुश मात्र आता थोडं हलायला लागलंय, पुढच्या सर्व्हिसला ते बदलायचं आहे.